‘अलबेला’तला ट्रम्पेटवाला

१९५१ साली ‘अलबेला’ पडद्यावर आला. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. गिरणी कामगाराच्या घरातून आलेल्या भगवानदादांनी या सिनेमात जो नाच केला, तो पुढे महाराष्ट्राच्या गणपती मिरवणुकांत आणि वरातींत कायमचा जाऊन बसला. पाय फारसे न उचलता, हात जरा वर धरून, खांदे डुलवीत केलेला तो सोपा नाच येत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. याच सिनेमातल्या एका गाण्यात नाचणाऱ्यांच्या मागे वाजवणाऱ्यांची एक रांग दिसते. बाह्यांना झालरी लावलेले, दक्षिण अमेरिकी थाटाचे कपडे. वाजवण्याचे सोंग करणारे हे एक्स्ट्रा नव्हेत. तो मुंबईतला खराखुरा डान्सबँड आहे आणि त्याचा म्होरक्या आहे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

चिक चॉकलेट हे अर्थातच घेतलेले नाव. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातले हळदोणे. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव गोदावरीकाठचे पुणतांबे. आमच्या वाळूजहून गंगापूर-वैजापूर करत निघाले तर पुणतांबे काही फार लांब नाही. चितळकर अण्णांविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, त्यांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्रही आहे. हळदोण्याच्या वाझविषयी मात्र मराठी वाचकाला विचारले तर तो आपल्याच तोंडाकडे बघतो. उर्दू वाचकाचेही तेच. मागच्या रांगेतल्या त्या माणसांचा इतिहास थोडा तपशिलाने सांगावा, म्हणून हा लेख.

सुरुवात मुंबईत होते, अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात. जमशेटजी टाटांनी १९०३ मध्ये उघडलेल्या या हॉटेलात जेवणाच्या वेळी आणि रात्रीच्या नाचासाठी वाद्यवृंद ठेवण्याची रीत होती. १९३५ च्या हिवाळ्यात तिथे लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. सगळे वादक काळे. मुंबईने जॅझ हा शब्द आधी ऐकला होता, तबकड्याही येत होत्या, पण ज्यांच्या घरात ते संगीत जन्मले ती माणसे समोर बसून वाजवत आहेत हे नवे होते. अ‍ॅबीच्या बँडमध्ये क्रिकेट स्मिथ हा जुना, मुरलेला ट्रम्पेटवादक होता. पुढच्या वर्षी त्याने ताजमध्ये स्वतःचा बँड उभा केला. त्याच सुमारास शांघायहून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक येऊन मिळाला.

हे १९३५ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या एका नाचघरात बेनी गुडमनच्या बँडने तरुणांना वेड लावले आणि तिथून ‘स्विंग’चे युग सुरू झाले असे अमेरिकेतले इतिहासकार धरतात. म्हणजे मुंबई फार मागे नव्हती. स्विंग म्हणजे काय, हे मी एकदा एका सहकाऱ्याला असे सांगितले: कव्वालीत मुख्य कव्वाल एक मिसरा उचलतो आणि हमनवा टाळीच्या ठेक्यावर तो परत देतात. तसेच इथे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये एक तुकडा टाकतात आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेटची रांग त्याला जवाब देते. मागे ड्रम, डबलबेस, पियानो आणि गिटार ठेका धरून असतात. मध्येच एखादा वादक उभा राहतो आणि आपल्या मनाने वाजवतो. मग पुन्हा सगळे एकत्र. बारा-पंधरा माणसांनी हे करायचे तर कुणीतरी आधी प्रत्येकाचा भाग कागदावर लिहून ठेवावा लागतो. हे लिहिणाऱ्याला अरेंजर म्हणतात. गुडमनला ‘स्विंगचा राजा’ म्हणत, पण त्याला राजा करणारी कित्येक लिखाणे फ्लेचर हेंडरसन या काळ्या माणसाची होती, आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांना हेंडरसन माहीत नव्हता. या लेखात पुढे जे येणार आहे त्याचे बीज असे मुळातच होते.

एक जोडवाक्य आमच्या वाचकांसाठी. या काळ्या अमेरिकन वादकांच्या पुढच्या पिढीतले अनेक जण १९४० नंतर मुसलमान झाले. सॅक्सोफोनवादक युसूफ लतीफ, पियानोवादक अहमद जमाल, ड्रमवादक आर्ट ब्लेकी ही त्यातली ठळक नावे. इस्लाम त्यांच्यापर्यंत बहुतांशी अहमदिया प्रचारकांमार्फत पोचला, त्यामुळे आपल्याकडे या विषयाचे नाव काढले की बैठकीत दोन तट पडतात. तो वाद बाजूला ठेवू. पण ज्या देशात काळा माणूस हॉटेलात वाजवू शकत होता आणि त्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जेवू शकत नव्हता, त्या देशातली माणसे बरोबरी शोधत कुठे कुठे गेली, हे समजून घ्यायला हरकत नाही. त्यांच्यातलीच काही आधीच्या पिढीत मुंबईला आली होती. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. महायुद्धाच्या काळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होता आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथेच पटकीने वारला.

आता गोवा. हॉटेलांना वादक हवे होते आणि ते गोव्यात तयार होते, याचे कारण जॅझच्या चारशे वर्षे मागे आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. पुढे चर्चबरोबर प्रत्येक पॅरिशला एक शाळा आली आणि त्या शाळेत प्रार्थनेसाठी संगीत शिकवले जाऊ लागले. गावचा संगीत मास्तर, ज्याला कोकणीत ‘मेश्त’ म्हणतात, तो पोरांना आधी स्वर वाचायला शिकवी, मग हातात व्हायोलिन देई. आपल्या मक्तबमध्ये जसे मूल अर्थ कळण्याआधी मखारिजसह वाचायला शिकते, तसेच काहीसे हे. गरिबाचे पोर असो वा भाटकाराचे, कागदावरच्या पाच रेषा त्याला वाचता येत. मी शिक्षक असल्यामुळे असेल, मला या सगळ्या कहाणीत हा मुद्दा सर्वात मोठा वाटतो. गोव्यात जमीन थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. पण वाचता येणारे हात होते आणि ते हात इंग्रजांच्या हिंदुस्थानात कुठेही विकले जात. पोलीस बँड, पलटणीचे बँड, संस्थानिकांचे बँड, रेल्वेचे क्लब, मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवणारे वाद्यवृंद. सगळीकडे गोवेकर.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. आपण हा दिवस कौतुकाने सांगतो. पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांसाठी मात्र तो रोजगार जाण्याचा दिवस होता. त्यांच्यातले बरेच जण हॉटेलांच्या आणि क्लबांच्या बँडकडे वळले. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाने भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. त्यांना ‘कूड’ म्हणत. ट्रंक ठेवायची, सणाला एकत्र प्रार्थना करायची आणि काम मिळेपर्यंत दिवस काढायचे. आमच्या मराठवाड्यातून मुंबईला गेलेल्या माणसाला हे चित्र काही वेगळे वाटणार नाही. फरक इतकाच की १९६१ पर्यंत हे लोक कागदोपत्री पोर्तुगालचे प्रजाजन होते.

अ‍ॅबी आणि स्मिथ यांचे बँड ऐकत, त्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवत गोव्याच्या मुलांनी स्विंग उचलला. कागदावरचे त्यांना येत होतेच, कागदावर नसलेले ते आता शिकले. चिक चॉकलेटने लुई आर्मस्ट्राँगची फुंकर इतकी आत्मसात केली की त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरिया हा मोंबासात जन्मलेला आणि कराचीत वाढलेला गोवेकर. १९३९ पासून तो ताजमध्ये बँड चालवू लागला आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथेच राहिला. रूडी कॉटन या नावाने सॅक्सोफोन वाजवणारा माणूस पारशी होता, मूळ नाव कावसजी खटाव. नावे बदलण्याचे आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. त्याच दशकात पेशावरच्या यूसुफ खानचा दिलीपकुमार झाला. बाजाराला जे नाव चालते ते घ्यावे लागते.

मग महायुद्ध आले. मुंबई फौजांनी भरून गेली. युद्धावर निघालेल्या किंवा युद्धावरून परतलेल्या सैनिकाला रात्री नाचायचे असते. हॉटेलांना बँड कमी पडू लागले. बाहेरचे वादक बरेचसे निघून गेले होते, त्यांच्या जागा गोवेकरांनी भरल्या. बँडवाल्यांचा हा सर्वात भरभराटीचा काळ.

फ्रँक फर्नांड या ट्रम्पेटवादकाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्याची मसुरीत गांधीजींशी भेट झाली आणि तेव्हापासून, आपण हिंदुस्थानी असून दुसऱ्यांचेच संगीत का वाजवतो, हा प्रश्न त्याला सुटेना. जॅझमध्ये आपले काही आणता येईल का, हे तो शोधत राहिला. नाचायला आलेल्या गिऱ्हाइकाला या प्रश्नाचे काय पडले असणार! पण प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर हॉटेलात मिळणार नव्हते.

१९४७ ला फाळणी झाली. तिच्या जखमांविषयी या ब्लॉगवर पूर्वी लिहिले आहे. एक बारीकसा परिणाम वाद्यवृंदांवरही झाला. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात सेबॅस्टियन डिसोझा या गोवेकराचा बँड होता. फाळणीनंतर तो मुंबईला आला. लाहोरहून आलेला आणखी एक माणूस मुंबईत काम शोधत होता, त्याचे नाव ओ. पी. नय्यर. दोघे एकत्र आले. पुढे शंकर-जयकिशन यांच्याकडेही सेबॅस्टियनने वर्षानुवर्षे अरेंजरचे काम केले. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे जे भव्य व्हायोलिन उठतात, गायकाच्या ओळीखालून जी दुसरी चाल हळूच वाहत असते, त्यातले कितीतरी या माणसाने लिहिलेले आहे.

फाळणीपाठोपाठ दुसरा धक्का दारूबंदीचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि १९५० पासून पूर्ण अंमल. मोरारजी देसाई ठाम होते. दारूबंदीमुळे कुणाचे वाईट झाले असे एका मुसलमानाने लिहिणे विचित्र दिसेल, याची मला जाणीव आहे. मी दारूची वकिली करत नाही. गोष्ट हिशेबाची आहे. नाचघराचा बँड पेल्यांच्या विक्रीवर पोसला जात होता. पेला गेला की रात्र लवकर संपते, आणि रात्र लवकर संपली की बारा माणसांचा बँड चारांवर येतो. गोरे साहेब तर आधीच गेले होते. हॉटेलांचे दिवे विझले नाहीत, पण मंद झाले.

आणि नेमके याच वेळी सिनेमातले क्लब उघडले. ‘अलबेला’ आणि ‘बाजी’ १९५१ चे, ‘आर-पार’ १९५४ चा, ‘सी.आय.डी.’ १९५६ चा. नायक जुगारी किंवा टॅक्सीवाला किंवा पोलीस, खलनायकाचा अड्डा म्हणजे नाचघर, तिथे धुरात गाणारी बाई आणि मागे बँड. खऱ्या मुंबईत जे ओसरत चालले होते ते पडद्यावरच्या मुंबईत रोज रात्री भरात असे. वाजवणारे हात तेच. रात्री हॉटेलात आणि दिवसा ताडदेव किंवा दादरच्या स्टुडिओत. पुढे पुढे फक्त स्टुडिओत. उर्दूचा शिक्षक म्हणून मला यात आणखी एक गंमत दिसते. ‘बाजी’ची गाणी साहिरची, ‘आर-पार’ आणि ‘सी.आय.डी.’मधली बहुतेक मजरूहची. तरक्कीपसंद उर्दू शायर आणि गोव्याचा कॅथलिक ट्रम्पेटवादक यांची भेट कुठल्या मुशायऱ्यात होणार होती? ती झाली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. साहिर आणि मजरूहवर उर्दूत किती पुस्तके निघाली, त्यांची गणती नाही. ट्रम्पेटवाल्याला मात्र शिफ्टचे पैसे मिळाले.

काम कसे चालत असे, ते समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी. बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसे, त्यात कमीपणा नाही, त्यांची परंपरा वेगळी. चाल ऐकून गोवेकर सहायक ती पाच रेषांत उतरवी. मग ती मोकळी चाल सजवायची. सुरुवातीला काय, कडव्यांमधे काय, कुठे व्हायोलिन, कुठे क्लॅरिनेट, गायक श्वास घेतो तेवढ्यात ट्रम्पेटने काय म्हणायचे. प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून त्याच्या प्रती वाटायच्या. समोर सितार, सारंगी, तबला घेऊन बसलेले वादक तेच सरगमने लक्षात ठेवत किंवा आपल्या लिपीत टिपून घेत. मायक्रोफोन थोडे, तुकडे जोडण्याची सोय नाही. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचे पुन्हा पहिल्यापासून. उर्दूतला शेर मराठीत आणताना काय काय करावे लागते हे मला ठाऊक आहे. रागातली चाल ट्रम्पेटच्या तोंडी घालणे हा तसाच तर्जुमा, फक्त त्यावर तर्जुमाकाराचे नाव नसे. असलेच तर श्रेयनामावलीत ‘सहायक’ एवढ्या एका शब्दात.

चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर होता आणि त्याचा रंग ‘शहनाई’ पासून ‘अलबेला’ पर्यंत स्पष्ट ऐकू येतो. ‘नादान’सारख्या एखाददुसऱ्या सिनेमाला त्याने स्वतःच्या नावाने संगीत दिले, पण ते टिकले नाही. यात सी. रामचंद्र यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पुणतांब्याच्या त्या माणसाने लावणी, अभंग आणि गझल यांच्या शेजारी स्विंग आणून बसवला आणि तिघांपैकी कुणालाही परके वाटू दिले नाही. हे धाडस त्याचेच. पण धाडस करताना बाजूला जो माणूस उभा होता त्याचेही नाव घ्यावे, इतकेच.

नाव हरवण्याचा सर्वात मोठा नमुना म्हणजे अँथनी गोन्साल्विस. होय, तेच. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे हे नाव पोराबाळांच्या तोंडी आहे. सिनेमातला अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो, प्रचंड अंड्यातून उडी मारून बाहेर येतो आणि नाचतो. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७. व्हायोलिनचे नावाजलेले वादक, अरेंजर आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शागीर्द आणि म्हणूनच प्यारेलालजींनी त्या सिनेमात उस्तादाचे नाव आणले. शागीर्दाची नियत साफ होती. पण लोकांच्या लक्षात राहिला तो गुत्तेवाला. ज्या माणसाने १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून हिंदुस्थानी रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या, ज्याच्या मैफलीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले, तो कुणालाच माहीत नव्हता. फ्रँक फर्नांडने विचारलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते. ते फार दिवस चालले नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला, सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परत येऊन गोव्यात शांतपणे राहिले.

त्याच सिनेमातला अकबर कव्वाल आहे, हेही सांगून टाकतो. हिंदी सिनेमात ख्रिस्ती माणूस पिणारा किंवा नाचणारा, मुसलमान कव्वाल किंवा नेकदिल चाचा. स्टुडिओच्या आत मात्र ख्रिस्ती माणूस वही-पेन्सिल घेऊन सगळ्यांचे हिशेब मांडत होता आणि मुसलमान सितारवर बसला होता. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ साहेबांची सितार ‘मुग़ल-ए-आज़म’ आणि ‘कोहिनूर’मध्ये आहे. १९५८ साली अमेरिकन सरकारने पाठवलेला पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला, तेव्हा त्याच्यासमोर बसून वाजवणारे खाँ साहेबच. १९६३ ला ड्यूक एलिंग्टनही मुंबईत वाजवून गेला. परदेशी पाहुण्यांसाठी सभागृहे भरत होती आणि शहरातले स्वतःचे बँड एकेक करून उठत होते.

मिकी कोरियाचा ताजमधला मुक्काम १९६१ च्या सुमारास संपला. तरुणांना आता चार गिटारवाले पुरत होते, बारा-पंधरा माणसांचा बँड म्हाताऱ्यांचा वाटू लागला. चिक चॉकलेट १९६७ च्या मे महिन्यात गेला, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली. सिनेमाचे वाद्यवृंद आणखी वीस-पंचवीस वर्षे चालले, राहुलदेव बर्मन यांच्या काळात तर रंगात होते. मग सिंथेसायझर आले. पन्नास व्हायोलिनचा आवाज एका कळपट्टीतून निघू लागला. शिफ्ट बंद झाल्या. ज्यांचे वडील हॉटेलातून स्टुडिओत आले त्यांच्या मुलांना जायला तिसरी जागा नव्हती.

पुन्हा उभारी आली ती तीन वाटांनी आणि प्रत्येक वाट अर्धीमुर्धी. पहिली, निरंजन झवेरी यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत सुरू केलेली ‘जॅझ यात्रा’. धोबीतलावच्या रंगभवनात, म्हणजे त्याच कूडांच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली सॉनी रोलिन्ससारखे दिग्गज वाजवून गेले. मुंबईला जॅझ परत मिळाला, पण बसून ऐकायचा. नाचायचा बँड तो नव्हता. आणि पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रंगभवनही गप्प झाले.

दुसरी वाट पुस्तकांची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने सिनेमाच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक केले. पत्रकार नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ साली आले, ज्याने अ‍ॅबीपासून चिक चॉकलेटपर्यंत सगळ्यांना त्यांच्या नावागावासह परत आणले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. वेळ मात्र फार थोडा उरला होता. मिकी कोरिया सप्टेंबर २०११ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले, गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये.

तिसरी वाट मला सर्वात आवडते, कारण ती लोकांच्या भाषेतून गेली. ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी, मूळचे मडगावचे, यांनी मुंबईच्या क्लबांतला बँडचा थाट कोकणी गाण्यात आणला. फ्रँक फर्नांड यांनी १९६३ साली काढलेल्या ‘आमचे नशीब’ या कोकणी सिनेमाचे संगीत पेरींचेच. त्यांची गायिका लोर्ना कोर्देरो. दोघांचे बिनसले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून लोर्नाने गाणेच सोडले. १९९५ साली ती परतली, तेव्हा गोव्यात तिची वाट पाहणारे अजून होते. बार्ड्रॉय बार्रेटो यांनी या कहाणीवरून प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ हा सिनेमा केला. पेरींची गाणी नव्याने, जिवंत वादकांकडून वाजवून घेतली. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जे गाणे नाचासाठी जन्मले ते पुन्हा नाचासाठी वाजले, गोव्यातल्या लग्नांत आजही वाजते.

वाळूजमध्ये बसून मी यात का पडलो, हा प्रश्न मला घरीही विचारला जातो. गाणे-बजावणे जायज की नाजायज, यावर उलेमांनी लिहिले आहे, माझा तो अधिकार नाही. माझे कारण अगदी जवळचे आहे. आमच्या भागात, म्हणजे औरंगाबादपासून गंगापूरपर्यंत, लग्नाचे बँड वाजवणाऱ्यांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. मातंग समाजाचे लोक आहेत, त्यांच्याबरोबर आमचे. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम आणि दोन्ही हातांत खुळखुळे घेतलेला एक पोरगा. हे खुळखुळे मराठवाड्याचे नव्हेत. लॅटिन अमेरिकेचा माराकास हॉटेलच्या बँडमधून सिनेमात आणि सिनेमातून वरातीत आला. ट्रम्पेटवर वाजणारे कडव्यांमधले तुकडे गोव्याच्या कुणीतरी लिहिलेले असतात. वरात हिंदू घरची असते, कारण आमच्या मोहल्ल्यांत आता सादगीने निकाह करण्याची मोहीम आहे आणि बँड लावत नाहीत. मोहीम चांगली आहे, खर्च वाचतो. मशीद जवळ आली की वाजवणारा मुसलमान आपणहून हात खाली घेतो, ती ओलांडली की पुन्हा ट्रम्पेट ओठाला लावतो. आता डीजेच्या भिंती आल्या आहेत आणि हा धंदाही त्याच उतारावर आहे, ज्यावरून ताजचा बँड गेला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका बुजुर्ग क्लॅरिनेटवाल्या चाचांकडे बसलो होतो. चाळीस लग्नसराया वाजवलेला माणूस. लिहिता-वाचता येत नाही, स्वरही नाही आणि अक्षरही नाही, सगळे कानावर. कुणाकडून शिकले, त्या उस्तादाचे गाव कुठले, बँडमध्ये कोण कोण होते, हे मी उर्दूत टिपून घेत होतो. त्यांच्या चार जुन्या साथीदारांपैकी तिघांची त्यांना फक्त टोपणनावे आठवली. चौथ्याचे तेही नाही, तो ‘झांजवाला’. मोबाइलवर त्यांना मी ‘अलबेला’ दाखवला. झालरीच्या बाह्यांची रांग आली तशी मी ती थांबवली आणि चिक चॉकलेट कोण ते सांगितले.

चाचा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ये बाजा तो मैं बचपन से बजाऊं, सर. बनानेवाले कू आज देखा.” थोड्या वेळाने विचारले, “मुसलमान था क्या?”

“नहीं चाचा, ईसाई. गोवा का.”

“अच्छा. फूँक उसकी पक्की है.” आणि मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, “फिरसे लगाव.”